टॉक्सिक शॉक सिंड्रोम : जंतूला सवड मिळू नये

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पटकी, हिवताप, डेंग्यू यांसारखे आजार गावात शिरले की त्यांची वार्ता घरोघर पोहोचायला वेळ लागत नाही. फवारणी सुरू होते, विहिरीत औषध पडते, ग्रामसभेत विषय निघतो. याउलट काही आजार असे असतात की ते एकेकट्या माणसाला गाठतात, शेजाऱ्यालाही त्याची चाहूल लागत नाही, आणि ओळखण्यास उशीर झाला तर दोन-तीन दिवसांत प्राणावर बेतते. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा या दुसऱ्या जातीचा आजार होय. मराठीत त्याला 'विषजन्य आघात' म्हणता येईल. तो क्वचित होतो, त्याची साथ येत नाही, आणि म्हणूनच त्याची माहिती फारशी कोणाला नसते.

क्वचित होणाऱ्या आजाराची चर्चा पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी कशासाठी करावी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या आजारापासून बचाव करणारी लस अथवा गोळी आज सर्वसामान्य माणसाला उपलब्ध नाही. बचाव आहे तो तीन साध्या गोष्टींत : हात स्वच्छ ठेवणे, शरीरात बसवलेली वस्तू वेळेवर काढणे आणि त्रास होऊ लागताच तो वेळेवर सांगणे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. कारण या आजाराचा एक मोठा भाग मासिक पाळीशी निगडित आहे, आणि ज्या विषयावर घरात बोलले जात नाही, त्या विषयातला आजार दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

जंतू जुना, आजाराचे नाव नवे

या आजाराच्या मुळाशी असणारा जंतू माणसाला अपरिचित नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना द्राक्षाच्या घडासारखे एकत्र राहणारे गोल जंतू दिसले. म्हणून त्यांचे नाव पडले 'स्टॅफिलोकॉकस'. ग्रीक भाषेत 'स्टॅफिले' म्हणजे द्राक्षांचा घड. पुढे १८८४ मध्ये जर्मन वैद्य रोझेनबाख यांनी त्यांतील सोनेरी रंगाच्या जातीला 'ऑरियस' म्हणजे सोनेरी हे विशेषण जोडले. गळू, केसतूड, नखुरडे, चिघळलेली जखम यांमागे बहुधा हाच जंतू असतो. निरोगी माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांच्या नाकपुड्यांत तो मुक्कामाला असतो आणि बहुतेकांना त्याचा काही उपद्रव होत नाही.

मात्र या जंतूच्या काही वाणांना एक विशिष्ट विष तयार करता येते. १९८१ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. हे विष शरीरातील पेशी सरळ कुरतडत नाही. ते शरीराच्या संरक्षण यंत्रणेची दिशाभूल करते. एक दाखला घेतला म्हणजे हे स्पष्ट होईल. गावात एखादा चोर शिरला, तर दोन-चार राखणदार उठून त्याला धरतात. परंतु मध्यरात्री कोणी खोटीच हाकाटी केली की दरोडेखोरांनी गावाला वेढा घातला आहे, तर सारा गाव काठ्या घेऊन अंधारात बाहेर पडतो आणि आपलीच माणसे आपल्याच माणसांना झोडपू लागतात. शरीरातही तसेच घडते. एरवी एखादा जंतू आत आला, तर त्याला ओळखणाऱ्या संरक्षक टी-पेशी दहा हजारांत एखादीच असतात आणि तेवढ्याच जाग्या होतात. हे विष मात्र शंभरांत वीस ते तीसपर्यंत टी-पेशींना एकाच वेळी चेतवू शकते. अशा पदार्थांना शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये 'सुपरअँटिजेन' हे नाव दिले.

एवढ्या पेशी एकदम खवळल्या की त्यांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे ज्वर चढतो, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातील द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो. मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना पुरेसे रक्त मिळेनासे होते. वैद्यकात 'शॉक' म्हणतात तो याच अवस्थेला. मनाला बसणाऱ्या धक्क्याशी किंवा विजेच्या धक्क्याशी त्याचा संबंध नाही.

सर्वांनाच हा आजार का होत नाही, याचेही उत्तर आता ठाऊक आहे. लहानपणापासून या जंतूशी कोठे ना कोठे गाठ पडत असल्यामुळे बहुतेक प्रौढांच्या रक्तात या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात. ज्यांच्यात ती नसतात त्यांना धोका असतो, आणि अशांत लहान मुले व तरुण मुली यांचे प्रमाण अधिक असते. एकदा आजार होऊन गेला तरी प्रतिद्रव्ये तयार होतीलच असे नाही. त्यामुळे तो त्याच व्यक्तीला पुन्हाही होऊ शकतो.

अमेरिकेतील १९८० चा धडा

या आजाराला त्याचे नाव मिळाले ते १९७८ मध्ये. अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड आणि त्यांचे सहकारी यांनी ८ ते १७ वर्षे वयाच्या सात मुलामुलींची हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तीव्र ताप, अंगावर लाली, उलट्या-जुलाब, कोसळलेला रक्तदाब आणि त्यानंतर सुटणारी कातडी ही लक्षणे सर्वांत सारखी होती. या सातांत मुलगेही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा केवळ स्त्रियांचा आजार नव्हे, हे पहिल्याच अहवालावरून स्पष्ट होते.

तथापि लोकांच्या कानावर तो गेला १९८० मध्ये. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांच्या आरोग्य खात्यांना असे रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि त्यांनी ते अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राला कळवले. मे १९८० मध्ये त्या केंद्राने आपल्या साप्ताहिकात ५५ रुग्णांची माहिती दिली. त्यांत जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या आणि बहुतेकींचा आजार मासिक पाळीच्या दिवसांत सुरू झालेला होता.

तपास पुढे सरकला तेव्हा बोट टॅम्पॉनकडे गेले. टॅम्पॉन म्हणजे पाळीतील रक्तस्राव शोषून घेण्यासाठी योनिमार्गात आत बसवायचा कापसाचा किंवा कृत्रिम धाग्यांचा बोळा. त्या काळी अमेरिकी कंपन्यांमध्ये अधिकाधिक शोषून घेणारा बोळा बाजारात आणण्याची चढाओढ लागली होती. सप्टेंबर १९८० मध्ये रोगनियंत्रण केंद्राने आजारी पडलेल्या ५० स्त्रिया आणि निरोगी १५० स्त्रिया यांची तुलना केली. आजारी स्त्रियांपैकी ७१ टक्के 'रिलाय' या नावाचा अतिशोषक बोळा वापरीत होत्या. निरोगी स्त्रियांमध्ये हेच प्रमाण २६ टक्के होते. त्यानंतर लवकरच, २२ सप्टेंबर १९८० रोजी, प्रॉक्टर अँड गॅम्बल या उत्पादक कंपनीने तो बाजारातून काढून घेतला.

तथापि दोष एकाच उत्पादनाचा नव्हता. इतर अतिशोषक बोळे वापरणाऱ्या स्त्रियांनाही हा आजार झाला. बोळ्याबरोबर आत गेलेली हवा जंतूला विष तयार करण्यास उपयोगी पडते, आणि पाळीच्या दिवसांतील रक्तामुळे त्याला पोषक असे वातावरण मिळते. बोळा जितका अधिक शोषून घेणारा, तितका तो बदलण्याची निकड कमी भासते आणि तो अधिक तास आत राहतो. सोय वाढली आणि तिच्यामागोमाग जंतूची सवडही वाढली, असे या घटनेचे थोडक्यात वर्णन करता येईल.

१९८० या वर्षात अमेरिकेत ८९० रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ८१२ जणींचा आजार पाळीशी संबंधित होता. १९८९ मध्ये एकूण नोंद ६१ वर आली आणि पाळीशी संबंधित रुग्ण अवघे ४५ राहिले. ही घट कोणत्याही नव्या लसीमुळे झालेली नाही. धोक्याचे बोळे बाजारातून गेले. १९८२ पासून प्रत्येक वेष्टनावर या आजाराची सूचना छापणे बंधनकारक झाले. वृत्तपत्रांनी हा विषय उघडपणे मांडला आणि स्त्रियांनी कमी शोषणाचे बोळे निवडून ते वेळेवर बदलण्यास प्रारंभ केला. पुढे १९९० मध्ये बोळ्यांच्या शोषणक्षमतेची प्रतवारीही सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करण्यात आली.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. एकेका डॉक्टरपुढे एकेकच रुग्ण होता. त्या एकेका रुग्णाचा अहवाल खात्याकडे गेला नसता, तर आजाराचे कारण कळण्यास आणखी कितीतरी काळ लागला असता आणि तेवढे प्राण गेले असते. नोंदवहीतील एक ओळ ही केवळ कागदपत्रांची पूर्तता नसते, याचा हा पुरावा होय.

पाळीशी संबंध नसतानाही

आज या आजाराच्या रुग्णांचा मोठा भाग पाळीशी संबंधित नसतो. शस्त्रक्रियेची जखम, प्रसूतीनंतरचा काळ, नाकातून रक्त येऊ लागल्यावर नाकात घट्ट बसवलेला कापडी बोळा, त्वचेवरील गळू किंवा भाजलेली जागा, यांपैकी कोठूनही हे विष रक्तात उतरू शकते. यातला फसवा भाग असा की, जखम वरून अगदी स्वच्छ दिसते. पू नाही, सूज नाही, फारशी लालीही नाही. त्यामुळे ताप आला तरी त्याचा संबंध जखमेशी कोणी जोडत नाही.

लहान मुलांच्या भाजण्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. चहाचे पातेले अंगावर सांडणे, आंघोळीच्या कढत पाण्यात हात जाणे हे प्रकार घरोघर घडतात. भाजलेला भाग लहान असतो, म्हणून घरीच टूथपेस्ट, शाई, हळद किंवा चिखल लावून मुलाला झोपवले जाते. अशा लहानशा भाजण्यानंतरही दोन ते चार दिवसांत हा आजार उद्भवू शकतो, आणि दोन वर्षांच्या आसपासच्या बालकांना त्याचा धोका अधिक असतो. भाजल्याबरोबर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, स्वच्छ कोरड्या कापडाने ती झाकावी, दुसरे काहीही लावू नये आणि मुलाला दवाखान्यात दाखवावे. पुढील काही दिवसांत मुलाला ताप, उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ यांपैकी काही दिसले किंवा ते मलूल झाले, तर भाजलेली जागा कितीही बरी दिसत असली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या दुसऱ्या एका जंतूमुळेही असाच आघात होतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची स्वतंत्र ओळख पटली. तो अधिक घातक आहे. एखाद्या जखमेच्या जागी वा हातापायात, बाहेरून दिसणाऱ्या दुखापतीच्या मानाने फारच तीव्र वेदना होणे ही त्याची महत्त्वाची खूण आहे. शेतात काटा रुतला, विळा लागला आणि दुसऱ्या दिवशी वेदना असह्य होऊन ताप भरला, तर ते दुखणे अंगावर काढू नये.

लसीची कुपी आणि घड्याळ

जंतूला सवड मिळाली की काय होते, याचे एक जुने व दुःखद उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. क्वीन्सलंडमधील बुंडाबर्ग या गावी जानेवारी १९२८ मध्ये घटसर्पाची लस टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ मुले एक-दोन दिवसांत दगावली. चार्ल्स केलावे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रयोगशाळेतील तपासात भाग घेतला. लसीच्या बाटलीत जंतुनाशक द्रव्य नव्हते. ती बाटली पूर्वी उघडून वापरलेली होती आणि मधल्या दिवसांत तिच्यात स्टॅफिलोकॉकस वाढला होता, असे आढळले. ज्या औषधात जंतुनाशक नाही ते पुन्हा पुन्हा वापरायच्या बाटलीतून देऊ नये, असा निष्कर्ष त्या चौकशीतून निघाला. टॉक्सिक शॉक हे नाव त्या वेळी अस्तित्वात नव्हते. जंतूच्या विषाची शक्ती मात्र जगाला दिसली.

तोच धडा मे २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये पुन्हा मिळाला. कापोएटा भागातील गोवराच्या लसीकरणात पाच वर्षांखालील १५ मुले मृत्युमुखी पडली. लसीत पाणी मिसळण्याची एकच सिरिंज चार दिवस वापरण्यात आली होती आणि लस थंड जागी ठेवलेली नव्हती, असे चौकशीत निष्पन्न झाले. लस निर्दोष होती. दोष हाताळणीचा होता.

भारतातील लसीकरण कार्यक्रमात यासाठी स्पष्ट नियम आहेत. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लसी भुकटीच्या स्वरूपात येतात आणि त्यांत जंतुनाशक नसते. त्या द्रवात विरघळवल्यानंतर कुपीवर वेळ लिहावी लागते आणि चार तासांनंतर उरलेली लस वापरता येत नाही. प्रत्येक कुपीसाठी लस विरघळवण्याची सिरिंज नवी, आणि प्रत्येक बालकासाठी टोचण्याची सिरिंज नवी. असे असता कधी कधी गावातील वजनदार मंडळीच आरोग्यसेविकेला गळ घालतात, ''एवढी लस उरली आहे, वाया कशाला घालवता, उशिरा आलेल्या लेकरालाही टोचून टाका.'' हा आग्रह प्रेमापोटी असला तरी तो घातक आहे. घड्याळ पाहून कुपी बाजूला ठेवणारी सेविका अडेलतट्टू नसते, ती त्या लेकराचे रक्षण करीत असते. पंचायत सदस्यांनी अशा वेळी तिच्या पाठीशी उभे राहावे. त्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे की, नियमाने दिलेली लस सुरक्षित आहे, आणि लस न घेतल्याने गोवरासारख्या आजाराचा जो धोका असतो, तो कितीतरी मोठा आहे.

आपल्या गावांचा संबंध

महाराष्ट्रातील खेड्यांत टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रिया फार थोड्या, मग पाळीशी संबंधित भागाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ६४ टक्के सॅनिटरी नॅपकिन आणि ५० टक्के कापड वापरतात. काही जणी दोन्ही वापरतात. ही साधने शरीराबाहेर वापरायची असल्यामुळे त्यांपासून या आजाराचा धोका फारच कमी आहे. कापड वापरणाऱ्या स्त्रियांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ते साबणाने धुऊन, आडोशाला न दडवता उन्हात वाळवले पाहिजे, एवढे मात्र इतर संसर्ग टाळण्यासाठी आवश्यक आहे.

परंतु साधने बदलत आहेत. रबरासारख्या मऊ सिलिकोनचा, आत बसवायचा आणि वर्षानुवर्षे पुन्हा वापरता येणारा मासिक पाळीचा कप आता शहरापुरता उरलेला नाही. केरळमधील कुंबळंगी हे गाव जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झाले, ते तेथील स्त्रियांना असे कप देऊन. कचरा कमी होतो, खर्च वाचतो, असे त्याचे फायदे निश्चित आहेत. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कप हे सुरक्षित साधन असल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र त्याच आढाव्यात कप वापरणाऱ्या पाच स्त्रियांना टॉक्सिक शॉक झाल्याची नोंदही आहे. म्हणजे साधन चांगले, पण त्याला नियम आहे. जी पंचायत किंवा महिला बचत गट कप वाटेल, त्याने वापराची माहितीही त्याबरोबर वाटली पाहिजे. नुसती वस्तू देऊन योजना पूर्ण होत नाही.

शाळेचा संबंध तर अधिक जवळचा आहे. सातवी-आठवीतील मुलीला दिवसभरात पॅड, बोळा किंवा कप बदलायचा तर तिला कडी लागणारे दार, वाहते पाणी, साबण आणि झाकणाची कचरापेटी एवढे हवे. स्वच्छतागृहाला कुलूप असेल किंवा नळाला पाणी नसेल, तर ती मुलगी सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत काहीच बदलू शकत नाही. मग तिला वेळेचा नियम शिकवून काय उपयोग? शाळेच्या स्वच्छतागृहातील पाण्याचा नळ ही या अर्थाने आरोग्य खात्याइतकीच पंचायतीची जबाबदारी आहे.

लक्षणे कोणती, करावे काय

या आजाराची सुरुवात एकाएकी होते. थंडी वाजून ३८.९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप येतो. उलट्या, पातळ जुलाब, अंग व स्नायू मोडून येणे, घसा दुखणे ही लक्षणे दिसतात. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण रक्तदाब उतरू लागलेला असतो. लघवी कमी होते. रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली पसरते. सावळ्या वर्णावर ही लाली सहज दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, डोळ्यांतील पांढरा भाग, ओठ व जीभ पाहावी. एक-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायांची कातडी सुटते. परंतु निदानासाठी तोवर थांबणे म्हणजे फार उशीर करणे होय.

ही लक्षणे ऊन लागणे, अन्नातून विषबाधा, डेंग्यू यांच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे घोटाळा होतो. म्हणून ताप, उलट्या-जुलाब आणि चक्कर ही तिन्ही एकत्र दिसली की घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत. रुग्ण स्त्री असेल तर पाळी सुरू आहे काय आणि आत काही बसवलेले आहे काय? गेल्या काही दिवसांत प्रसूती, शस्त्रक्रिया किंवा नाकातील बोळा असे काही झाले आहे काय? अंगावर भाजलेली किंवा कापलेली जागा आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

बोळा किंवा कप आत असेल तर तो प्रथम काढावा. त्यानंतर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मोठे रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून सलाइन देऊन रक्तदाब सावरतात, जंतू मारणारी आणि विषाची निर्मिती थांबवणारी प्रतिजैविके देतात, जखमेत काही अडकले असल्यास ते काढतात. वेळेवर उपचार मिळाल्यास स्टॅफिलोकॉकसमुळे झालेल्या आजारातून बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. येथे एकेका तासाला किंमत आहे.

प्रतिबंधाचे नियम थोडक्यात असे :

१. टॅम्पॉन किंवा कप बसवण्यापूर्वी आणि काढल्यानंतर साबणाने हात धुवावेत.

२. टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा. आठ तासांपेक्षा अधिक काळ तो ठेवू नये. गरजेपुरत्या कमीत कमी शोषणाचा निवडावा आणि पाळी नसताना वापरू नये.

३. कप वेष्टनावर सांगितलेल्या वेळेत, सामान्यतः ८ ते १२ तासांच्या आत, रिकामा करून धुवावा. प्रत्येक पाळीच्या आधी व नंतर तो पाण्यात उकळावा.

४. हा आजार एकदा होऊन गेलेल्या स्त्रीने टॅम्पॉन किंवा कप वापरू नये.

५. शस्त्रक्रियेनंतर, प्रसूतीनंतर वा नाकात बोळा बसवल्यावर तो कधी काढायचा हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे, आणि त्या दिवशी तो निघाला की नाही याची खात्री करावी.

६. जखम व भाजलेली जागा स्वच्छ व झाकलेली ठेवावी. हाताला गळू किंवा चिघळलेली जखम असणाऱ्याने लहान मुलाची मलमपट्टी करू नये.

मोकळेपणा हेच पहिले औषध

हे सर्व नियम सोपे आहेत. त्यांच्या आड येते ते मौन. भर वर्गात मुलीला चक्कर येते, ताप भरतो. शिक्षक पुरुष असतात, मुलगी संकोचते, मैत्रिणी गप्प राहतात. घरी गेल्यावर आई ''पाळीत असे होतेच'' म्हणून तिला पडून राहायला सांगते. वडिलांपर्यंत विषय जातच नाही. रात्र उलटते. या एका रात्रीचे अंतर कमी करणे हे शिक्षक, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या हातात आहे. प्रत्येक शाळेत मुलींना जिच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशी एक शिक्षिका ठरलेली असावी. शिक्षिका नसेल तेथे आशा सेविकेने महिन्यातून एकदा शाळेत यावे. किशोरवयीन मुलग्यांनाही हा विषय शास्त्रीय भाषेत सांगावा, म्हणजे तो थट्टेचा राहत नाही. मातांच्या बैठकीत आजीलाही बोलवावे, कारण घरातील निर्णय पुष्कळदा तिच्या शब्दावर ठरतो.

महाराष्ट्राला हा मोकळेपणा परका नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू करून शरीराविषयी शास्त्रशुद्ध भाषेत बोलण्याचा पायंडा पाडला आणि १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत, खटले व उपहास सोसून, तो चालवला. त्या काळी जे एका माणसाला एकट्याने करावे लागले, ते आज शाळा, पंचायत आणि आरोग्य केंद्र यांना मिळून करता येण्यासारखे आहे.

टॉक्सिक शॉक हा क्वचित होणारा आजार आहे आणि तो क्वचितच राहावा. त्याच्या नावाने भीती पसरवण्याचे कारण नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचेही नाही. ग्रामपंचायतीच्या पुढील सभेत शाळेच्या स्वच्छतागृहाचे दार, कडी, नळ आणि साबण एवढा एक विषय घेतला गेला, लसीकरणाच्या दिवशी कुपीवरची वेळ वाचण्याची सवय गावाला लागली, आणि एखाद्या मुलीने आपला त्रास दुसऱ्या दिवसावर न ढकलता त्याच दिवशी सांगितला, तर जंतूला लागणारी सवड त्याला मिळणार नाही. या तिन्ही गोष्टींना मोठा निधी लागत नाही. त्यासाठी कोणीतरी हा विषय पहिल्यांदा काढावा लागतो, आणि तो मान आपल्या गावात आपल्यालाच घेता येईल.